डुप्लिकेट निल्को

लग्नाला बारा वर्षं झाली आणि बारा हंगाम आमच्या घरात संत्री मीच सोलते. केतनराव नुसत्या फोडी खातात. याला कारण एक व्हिडिओ गेम आहे, असं सांगितलं की लोक हसतात. हसोत. सोलायचं त्यांच्या वाट्याला येत नाही.

साखरपुड्यातच कळलं, की लहानपणी आम्ही दोघं सारखाच गेम खेळायचो. वरून पडणारे दगड चुकवत किल्ल्याचे मजले चढायचे. पांढुर्ण्यात यांचा गेम काकांनी दुबईहून आणलेला, त्यातला वीर कॅप्टन टोबू, रंगीत. सौंसरला माझा आत्यानं अमेरिकेहून आणलेला, त्यातला प्रिन्स निल्को, आणि तो टीव्हीवर काळापांढरा दिसायचा. नाव वेगळं, रंग नाही, म्हणजे तुझा डुप्लिकेट, असा निकाल यांनी तिथंच दिला. लहानपणी जास्त मजले चढलेल्यानं संत्री खायची आणि दुसऱ्यानं सोलायची, अशी पैजही लागली. यांचे निघाले एकतीस, माझे एकोणतीस.

डुप्लिकेट म्हटल्याचं मला फारसं लागलं नाही. माझा गेम बघून बाबा म्हणायचे, मृणालचा हात जड आहे, जरा उशिरा हलतो. ते मात्र मी खरं मानलं होतं. शाळेत खो-खोच्या संघासाठी नावही दिलं नव्हतं.

यंदा माहेरचं कपाट आवरताना माझं गेमचं यंत्र सापडलं. पांढुर्ण्यात चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त करणाऱ्या गुलाबभाऊंनी त्याच्या तारा बदलल्या आणि घरी येऊन ते आमच्या नव्या टीव्हीला जोडून दिलं. पडद्यावर निल्को आला, तो रंगीत. त्याचा कोट संत्र्याच्या रंगाचा होता. तीस वर्षं मी त्याला राखाडी समजत होते. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

केतनराव बाह्या सावरून बसले आणि तिसऱ्या मजल्यावर मेले. पुन्हा खेळले, पुन्हा तिसराच. मग म्हणाले, यंत्र बिघडलंय. मी घेतलं, तर इतक्या वर्षांनीही अकराव्या मजल्यापर्यंत गेले. गुलाबभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला, यांचं यंत्र मागवलं आणि तेही लावून पाहिलं. तोच किल्ला, तेच दगड, तीच धून. फक्त सगळं सावकाश.

"बिघाड काहीच नाही," ते म्हणाले. "गेम एकच आहे, कंपनीनं दोन मुलखांत दोन नावं दिली. अमेरिकेचा जुना टीव्ही एका सेकंदात साठ चित्रं दाखवे, दुबईचा अन् आपल्याकडचा पन्नास. गेम त्याच तालावर चालते. मॅडमचा पळून राहिला, साहेबांचा चालून राहिला. तिकडचा रंग आपल्या जुन्या टीव्हीला समजत नव्हता, या नव्याला समजते."

म्हणजे माझा हात कधीच जड नव्हता. दगडच लवकर पडत होते. हे ऐकायला आज बाबा असायला हवे होते.

तरी एकतीस म्हणजे एकतीसच, असं केतनराव पुटपुटले. गुलाबभाऊंनी नुसती तीन बोटं दाखवली. मग यांनी मुकाट्यानं संत्र्यांची टोपली पुढ्यात ओढली आणि एक एक धागा काढत सोलायला बसले. पहिली फोड काही माझ्या हातात येईना.

"काय हो गुलाबभाऊ," मी म्हटलं, "हे पण पन्नासच्याच तालावर सोलून राहिले का?"