पेशींवर घातलेलं नाव

तुळशीदासच्या पेशी जगल्या ही बातमी ऐकून प्रयोगशाळेतले सगळे खूश झाले. कुणीतरी कँटीनमधून बटाटेवडे मागवले. प्रेमा परबने वडा घेतला नाही. तिने एवढंच विचारलं, "जगल्या त्या त्याच्याच कशावरून?"

प्रश्न तिने हळू आवाजात विचारला होता, पण प्रेमाचा हळू आवाज जिन्यापर्यंत जायचा. तुळशीदास हसला आणि त्याने दुसरा वडा उचलला. त्या हसण्यावरून प्रेमाचा संशय पक्का झाला. तो रडला असता तरी झालाच असता म्हणा.

अंधेरीला मरोळ भागात एका औषध कंपनीची ही प्रयोगशाळा. साल सत्त्याऐंशी. प्रेमा घाटकोपरची, गिरणी कामगाराची मुलगी. संपानंतर वडील घरी बसले ते बसलेच, आणि घर प्रेमाच्या पगारावर आलं. तुळशीदास मनोरीचा कोळी, गावातला पहिला एमएस्सी. रोज सकाळी तरीतून खाडी ओलांडून मार्व्याला उतरायचा आणि तिथून अंधेरी गाठायचा. दोघांचं काम एकच होतं: उंदराच्या पेशींत माणसाचं एक जनुक घालायचं आणि त्या पेशींकडून औषध बनवून घ्यायचं.

हे बोलायला सोपं. लाखो पेशींशी झटावं तेव्हा त्यातल्या चार-दोन ते जनुक घेतात, आणि त्या नेमक्या कोणत्या ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्या जनुकाला आणखी एक जनुक जोडून द्यायचं, जी-४१८ नावाच्या अँटिबायोटिकला पुरून उरणारं. मग सगळ्यांवर ते औषध ओतायचं. ज्यांनी काही घेतलं नाही त्या मरतात, ज्यांनी घेतलं त्या जगतात. जगलेल्या वाढवायच्या.

प्रेमाचं ह्यात वर्ष गेलं. औषध जास्त झालं की सगळ्याच मरायच्या, कमी झालं की सगळ्याच जगायच्या. शेवटी बरोबर डोस सापडला आणि एका बाटलीत तळाशी एकच ठिपका उरला. त्या ठिपक्यातून तिने पेशी वाढवल्या. त्यांना ती 'माझी पोरं' म्हणायची, अर्थात कुणी ऐकत नसेल तेव्हा. आणि तुळशीदासने हेच काम दोन महिन्यांत उरकलं?

त्यात कंपनीने ठरवलेलं असं की दोघांपैकी एकाच्याच पेशी पुढे न्यायच्या. ज्याच्या पेशी, त्याला नव्या विभागात कायमची नोकरी. दुसऱ्याचं कंत्राट दिवाळीला संपणार. प्रेमाला ही नोकरी हवी होती, आणि ती तिला मिळणार ह्याबद्दल वडा प्रकरणापर्यंत कुणाला शंकाही नव्हती.

तिने पाळत ठेवली. तुळशीदास हल्ली त्याच्या टेबलाच्या खणाला कुलूप लावायचा. आधी कधी लावत नव्हता. ती आली की बोलता बोलता गप्प व्हायचा. ती जेवायला गेली की नेमका तेव्हाच पेशी ठेवायच्या उबदार कपाटापाशी जायचा, आणि त्या कपाटात दोघांच्याही बाटल्या शेजारी शेजारी असायच्या. ह्याहून जास्त पुरावा काय लागतो? तिच्या बाटलीतून थेंबभर उचलला की झालं. पेशी काय, आपोआप वाढतात.

पण प्रेमा कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिची आई शेवंती चाळीतली पहिली बाई, जिने घरातल्या झाडून सगळ्या भांड्यांवर नाव घालून घेतलं होतं, अगदी चहाच्या गाळण्यावरसुद्धा. शेजारी कालवण गेलं की वाटी परत येईपर्यंत ती दारात उभी राहायची. "भांड्यार नाव नसला तर ता आपला कसा म्हणतलंस गो?" असं विचारायची. प्रेमाने पेशींवरही नाव घातलं होतं.

ते असं. तिची मैत्रीण कुंदा अमेरिकेत शिकत होती. तिने टीपकागदाच्या तुकड्यावर सुकवलेलं दुसरंच एक जनुक शुभेच्छापत्राच्या पाकिटातून पाठवलं. ते ज्या पेशीत असेल ती हायग्रोमायसिन नावाच्या वेगळ्याच अँटिबायोटिकलाही दाद देत नाही. प्रेमाने ते गुपचूप आपल्या पेशींत घालून टाकलं. काम काहीच नव्हतं त्याचं. चोरीला गेल्या तर ओळखता याव्यात, एवढंच. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं तर खूण कसली?

सोमवारी नाबर सरांच्या खोलीत मीटिंग होती. डॉ. जयवंत नाबर हे प्रयोगशाळेचे प्रमुख, शांत माणूस. चष्मा पुसत पुसतच ते लोकांची वाट लावायचे.

"सर," प्रेमा उभीच राहिली, "आधी ह्याला खण उघडायला सांगा."

"आता खण मध्येच कुठून आला?" तुळशीदास म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला, आणि तो सगळ्यांना दिसला.

खण उघडला. आत कागदात बांधलेले सुके बोंबील होते, आणि सोडे. सरांनी प्रयोगशाळेत मासळी आणायला बंदी केली होती. "आयेनं दिलंय सर, कँटीनच्या आचाऱ्याला," तुळशीदास पुटपुटला. सगळे हसले. सरांनाही हसू आवरेना.

प्रेमा हसली नाही. "मासळीच्या खाली काय आहे?"

खाली काही नव्हतं. तिने पुठ्ठासुद्धा उचलून बघितला.

"प्रेमा, तू सरळ बोल ना यार," तुळशीदास आता चिडला. "चोर म्हणायचंय का मला?"

"हो, म्हणायचंय. मला वर्ष लागलं ते तुला दोन महिन्यांत कसं जमलं?"

"कारण बरोबर डोस तू शोधलास आणि भिंतीवर चिकटवलास! मी तो वाचला. माझे दहा महिने तूच वाचवलेस, आणि सगळ्यांना मी तेच सांगत फिरतोय. तू आलीस की गप्प बसतो, कपाटापाशीही तू नसताना जातो, कारण तू खेकसतेस."

हे इतकं सरळ उत्तर होतं की प्रेमाला त्यातच काळंबेरं दिसलं. चोर नेहमी तयारी करूनच येतो. तिने हुकमाचं पान टाकलं.

"सर, माझ्या पेशींत एक खूण आहे. हायग्रोमायसिन त्यांना मारत नाही. ते दोघांच्या बाटल्यांत घाला. ह्याच्या मेल्या तर ह्याच्या. जगल्या तर माझ्या."

सरांचा चष्मा पुसायचा हात थांबला. "खूण," ते म्हणाले. "बरं. तुळशीदास, तुमची हरकत?"

"घाला सर. आज घाला."

दोघांची एकेक बाटली वेगळी काढून सरांनी स्वतः औषध घातलं आणि कपाटाची किल्ली खिशात ठेवली. पुढचे दिवस प्रेमाने कसे काढले ते तिचं तिला माहीत. घरी शेवंतीने विचारलं, "काय झाला गो?" तर ती वसकन अंगावर गेली. तिला मनातून खात्री होती, आणि खात्री असूनही ती दिवसातून दहादा कपाटाचं कुलूप बघून यायची. तुळशीदास मात्र जेवत होता, शिट्टी वाजवत होता. हे नाटक आहे, प्रेमा स्वतःला बजावत राहिली.

शेवटी सरांनी दोघांना बोलावलं आणि तुळशीदासची बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बराच वेळ बघितलं. मग बाजूला झाले. "बघा."

प्रेमाने डोळा लावला. एकही पेशी तळाला चिकटलेली नव्हती. सगळ्या गोल, काळपट, सुटून तरंगत होत्या. मेलेल्या. तिने बाटली हलवली, कोपरे बघितले. एखादी तरी जिवंत निघेल म्हणून ती शोधत राहिली आणि शोधताना तिचे कान गरम झाले. ह्या पेशी तिच्या नव्हत्या. कधीच नव्हत्या.

"आता तुमची," सर म्हणाले.

तिच्या पेशी झकास होत्या. बाटलीचा तळ भरून पसरलेल्या, जिवंत, जणू काही झालंच नाही. क्षणभर तिचं मन भरून आलं. माझी पोरं.

"म्हणजे खूण खरी," सर म्हणाले. "कधी घातलीत?"

"सुरुवातीलाच सर."

"मला सांगितलंत?"

प्रेमाने बाटलीचं झाकण उगाच घट्ट केलं.

"मिस परब, ह्या पेशींपासून बनलेलं औषध माणसांच्या अंगात टोचलं जाणार. त्यांच्यात काय काय आहे ते सगळं आपण सरकारला लिहून देणार. तुम्ही बाहेरून आलेलं एक जनुक पाकिटातून आणून त्यांच्यात घातलंत आणि वर्षभर लपवलंत. आणखी काही घातलं नसेल कशावरून?"

"सर, नाही घातलं. आईशप्पथ."

"कशावरून?"

सरांच्या जागी ती असती तर तिनेही हेच विचारलं असतं, आणि कुणाच्या शपथेवर विश्वास ठेवला नसता.

"तुळशीदासच्या मूळ बाटल्या सुरक्षित आहेत. त्या पुढे जातील. तुमच्या नष्ट करा, गोठवलेल्यासुद्धा. आजच. तुळशीदास, तुम्ही समोर उभे राहा."

तिने एकेक बाटली उघडली आणि ब्लीचचं पाणी ओतलं. जी-४१८ला न डगमगलेल्या, हायग्रोमायसिनला न डगमगलेल्या पेशी ब्लीचमध्ये बघता बघता विरघळून गेल्या. नायट्रोजनच्या टाकीतून गोठवलेल्या कुप्या काढल्या, त्याही बादलीत टाकल्या. ती रडत होती आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. कंत्राट, दिवाळी, वडील, सगळं त्या बादलीत होतं. तरी सगळ्यात जास्त वाईट तिला पेशींचंच वाटलं. त्यांची काय चूक होती?

तुळशीदास शेजारी उभा होता. हा माणूस कधीही कुणाला उसने पैसे द्यायचा आणि विसरून जायचा, ओळखपाळख नसलेल्याच्या हाती घरची किल्ली द्यायचा.

"झालं," प्रेमा म्हणाली. "सगळ्या संपल्या."

"सगळ्या?"

"हो रे. एकही नाही उरली."

त्याने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, नीट निरखून, ती त्याच्याकडे इतके दिवस बघत होती तसं. मग त्याने हातमोजे घातले, तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि टाकीचं झाकण उचलून तो स्वतः आत बघू लागला.