एकेक नाव

सभा तीनला होती आणि रमण दहापासून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता. खिशात ठराव होता. मंडळाच्या कमिटीतले सहाही जण काढून टाकावेत. एकदाच हात वर, सहाजण बाहेर.

जानेवारीत न्यूझीलंडमधल्या या मराठी मंडळाची सहल टौरंगाहून बोटीने निघाली. दुपारी समुद्र खवळला, रमणची बायको विभावरी पाण्यात पडली. कमिटीने बोट किनाऱ्याकडे परत फिरवायला लावली. ती सापडलीच नाही.

"बाबा, बस ना जरा," मैत्रेयी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली. शाळेच्या शेवटच्या वर्षाला तिने क्लासिक्स, म्हणजे जुन्या ग्रीस-रोमचा विषय, घेतलं होतं.

"काय लिहितेस?"

"अथेन्समधला खटला. सहा सेनापती समुद्रावरची लढाई जिंकले, पण पाण्यात पडलेली आपली माणसं उचलली नाहीत. मेलेल्यांनाही आणलं नाही. वादळ होतं म्हणाले."

"मग? सोडलं?"

"मारलं. सहाही जणांना."

"बरोबर केलं."

"प्रत्येकाचा खटला वेगळा चालवायला हवा होता, बाबा. पण लोक एवढे चिडलेले की सगळ्यांना एकाच मतात उडवलं. त्यातला एक तर स्वतःच पाण्यात होता, त्याचं जहाज बुडालेलं. तो कुणाला उचलणार?"

रमण थांबला. पाण्याचा ग्लास उचलला, तसाच ठेवला.

"पुढे?"

"पस्तावले. हीप्स. खूपच."

कमिटीतल्या गुरुदत्तने त्या दिवशी विभावरीमागे जीन्ससकट उडी मारली होती. चौघांनी त्याला वर ओढलं. खारं पाणी ओकत तो एकच म्हणत होता, वहिनी हाताला लागल्या होत्या. त्या दिवसापासून रमणने त्याचा फोन घेतला नव्हता.

तीनला हॉलमध्ये सगळ्यांत जुने सभासद यशोधन सभेचे अध्यक्ष होते. "रमणराव, तुमचा ठराव. एकदमच मत घेऊ ना?"

"नको. एकेक नाव घ्या."

"अहो, संध्याकाळ होईल," मागून कोणीतरी म्हणालं.

"होऊ दे."

पहिलं नाव गुरुदत्तचं. रमणने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. ते बघून, वर गेलेले काही हात खाली आले.

दुसरं नाव धैर्यशीलचं. त्या सकाळी फोनवर वादळाचा इशारा वाचून, "स्वीट ॲज, काही होत नाही," म्हणत त्याने सगळ्यांना बोटीत चढवलं होतं.

रमणने हात वर केला.