राजूबाईचा मुराळी

राजूबाईने जावेच्या मानेमागे बोरमाळेचा गोंडा ओढला, तो जरा जास्तच.

"अक्का, गळा आवळतोय की," वच्छलाबाई हसत म्हणाली.

"सैल ऱ्हायली तर वाटंत पडंल. मग म्हणशील, अक्कानं नीट बांधली न्हाई."

बोरमाळ, पुतळ्या, हातात गोठ, पायात वाळे. मन्नाएखेळ्ळीला वच्छलाबाईच्या चुलतभावाचे लग्न होते. सगळे अंगावर घालून यावे, असा आईचा निरोप होता. निरोप आणणारा रामकिशन ओसरीवर बसून सासूशी, सोजराबाईशी बोलत होता. म्हातारी त्याच्या बोलण्याला तोंडाला पदर लावून हसत होती. घरात कुणाच्याच बोलण्याला ती अशी हसत नसे.

रामकिशन छकड्यात कापड घालून गावोगाव हिंडायचा. मराठी, कानडी, दखनी, जिथे जे लागेल ते बोलायचा. त्याचे माप कधी कमी भरले नाही. सासुरवाशिणी त्याच्यापाशी माहेरचे निरोप देत आणि तो ते पोचवी, वर आईच्या डोळ्याला पाणी कसे आले तेही येऊन सांगे. या खेपेला वच्छलाबाईच्या भावाचा, आप्पारावाचा बैल लंगडत होता म्हणे, म्हणून मुराळी म्हणून रामकिशनच न्यायला आला होता. सासरी, मेहकरात त्याचे कुणाला नवल वाटले नाही.

वच्छलाबाईला वर्षातून दोनदा माहेरचे मूळ, न्यायला बोलावणे यायचे. राजूबाईला आई गेल्यापासून एकदाही नाही. औरादला भाऊ होता, भावजय होती, दारात बैलजोडी होती. पंचमीला शेजारच्या पोरी गाडीत बसून निघाल्या की राजूबाई परसात भांडी घासत बसे. घासलेलीच पुन्हा घाशी.

"तायडे, आटप गं! ऊन चढायलंय," रामकिशनने हाक दिली.

वच्छलाबाईला तो तायडे म्हणायचा. राजूबाईला वहिनी.

जाऊ आत थोरांच्या पाया पडत असताना राजूबाईने तिचे बोचके छकड्यात नेऊन ठेवले. चादर नीट केली, पुन्हा विस्कटली, पुन्हा नीट केली.

"अण्णा, औरादकडं जाणं हुतं का कधी?"

रामकिशनने तिच्याकडे नीट पाहिले. आजवर त्याने तिच्याकडे असे पाहिले नव्हते.

"तुमचा भाऊ औरादचाच न्हवं? बोलतो मी त्याला. सुगी होऊ द्या, तुमचंबी मूळ घेऊन येतो. पण कुणाला सांगू नगा, वहिनी. जमलं न्हाई तर उगं हसं हुतं."

राजूबाईने मान हलवली. छकडा वेशीबाहेर गेला तेव्हा वच्छलाबाई मागे वळून हात हलवत होती. राजूबाईने हात वर केला नाही.

महिन्याने आप्पाराव दारात उभा राहिला. बैल धडधाकट होते. हातात बहिणीसाठी हिरवे लुगडे होते.

"वच्छीला न्यायला आलोय," तो म्हणाला.

 ओसरीवरून सोजराबाईने विचारले, "लग्न झालं का तुमच्याकडचं?"

"कुणाचं लग्न?"

वच्छलाबाई सापडली ती मन्नाएखेळ्ळीच्या अलीकडे, माळावरच्या एका पडक्या बारवेत. अंगावर मणीसुद्धा राहिला नव्हता. तिचा नवरा किशनराव तिथेच अग्नी देऊन परतला आणि गोठ्यात जाऊन बसला. भालकीच्या ठाण्यातल्या अमीनसाहेबांनी मोठ्या रस्त्यावर शिपाई बसवले. घरात थोरला, राजूबाईचा नवरा अंकुशराव म्हणाला, "गावात कुणी तोंडातून शब्द काढायचा न्हाई. त्या रामकिशनच्या कानावर गेलं तर हैदराबादेत जाऊन दडंल." गावासाठी वच्छलाबाई माहेरीच होती.

"आता तो हिकडं कशाला येतोय," असेही अंकुशराव म्हणाला.

राजूबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. सुगीला तो येणार आहे, हे सांगावे असे मनात आले. पण मग तेही सांगावे लागले असते, की जाऊ घरात पाया पडत होती आणि मी बाहेर तिच्या मुराळ्याला माझ्यासाठी विनवत होते. तिने भाकरी तव्यावर टाकली.

ज्वारीची खळी चालू असताना, एका दुपारी, दारात छकडा थांबला.

"तायडे! आवर लवकर. भावानं बोलावलंय."

राजूबाई उंबऱ्यापर्यंत धावत आली. धावत आली हे तिथे आल्यावर तिच्या लक्षात आले. चौकटीला धरून ती उभी राहिली.

रामकिशन तसाच होता, पांढरा पटका, हसरे डोळे. "वच्छी मजेत हाय," तो पायरीवर जोडे काढत म्हणाला. "आईला सोडून यू वाटंना तिला. तुमच्याकडं बारसं हाय, भाच्याचं. चार माणसांत जायचंय, सगळं घालून चल."

राजूबाईने त्याला पाण्याचा तांब्या दिला. मग आत तोंड करून मोठ्याने म्हणाली,

"आत्याबाई, मला मूळ आलंय. रामकिशन अण्णा आल्यात. खळ्यावर जाऊन ह्यांस्नी सांगून या."

"कशाला म्हातारीला उन्हात?" रामकिशन म्हणाला. "निघू की."

"नवऱ्याला न सांगता कशी येऊ, अण्णा? वच्छीला तरी अशीच धाडली का आम्ही?"

सोजराबाई बाहेर आली. तिने पदर नाकापर्यंत ओढला होता. रामकिशन तिच्या पाया पडला. तिने तो हात लागू दिला, आणि काठी घेऊन पायऱ्या उतरली.

राजूबाईने पाट मांडला. गरम भाकरी, वरण, वर तुपाची धार. सणालाही ती इतके तूप वाढत नसे.

"आज लई मायेनं वाढायलीस," तो म्हणाला.

"माझ्याकडं मुराळी येतो कुठं?"

तो हसला, जेवू लागला. राजूबाई समोर बसून पदराने वारा घालत राहिली.

"माझा भाऊ भेटला व्हय खरंच?"

"मग? तुझं नाव काढलं अन् रडाय लागला. म्हणला, आई गेल्यापासून अक्काकडं जाऊन तोंड दाखवायची लाज वाटती."

खळ्याच्या वाटेवर माणसांचे पाय वाजू लागले, पुष्कळ माणसांचे. रामकिशनने घास हातातच धरून दाराकडे पाहिले.

राजूबाईने पाहिले नाही. तिने आणखी एक भाकरी त्याच्या ताटात ठेवली.

"आणखी काय म्हणला?" तिने विचारले.