सूज की गाठ

वापीच्या डॉक्टरांनी दोन्ही फोटो पडद्यावर शेजारीशेजारी लावले आणि मुक्ता खुर्चीतून पुढे वाकली. रेडिएशनचा शेक सुरू होण्याआधीच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढरा डाग बोराएवढा होता. आजच्या फोटोत तो लिंबाएवढा दिसत होता.

"म्हणजे गाठ वाढली," तिचा नवरा शैलेश म्हणाला.

"लगेच तसं म्हणता येत नाही. शेकाने गाठ मरते तेव्हाही आजूबाजूला सूज येते, आणि या फोटोत सूज काय नि गाठ काय, सारखीच पांढरी दिसते. सुरतला मोठ्या मशीनवर अजून एक एमआरआय काढू. त्यात त्या जागेला रक्त किती जातंय ते कळतं. जिवंत गाठ रक्त ओढून घेते, मेलेला भाग ओढत नाही."

"आणि गाठच निघाली तर?"

"तर परत ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

शैलेशने मान हलवली. डोक्यावर शेक घेतला होता तिथे अजून केस आले नव्हते, आणि सूज उतरवायच्या गोळ्यांनी त्याचा चेहरा गोल गरगरीत झाला होता. डहाणू रोडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात काम करणारा हा माणूस. गेल्या हिवाळ्यात ड्युटीवरच फिट येऊन पडला. मग मुंबईला ऑपरेशन, मग शेक, मग गोळ्या. मुक्ता तलासरीला तहसील कचेरीत कारकून. तिची रजा कधीच संपली होती. आता साहेबांच्या दयेवर चाललं होतं.

परतीच्या बसमधून दोघं तलासरीला उतरली. सरावलीला घरी जायची गाडी यायला वेळ होता, म्हणून हायवेलगतच्या टपरीवर चहा घेतला. ट्रक धडधडत जात होते. शैलेशने कप डाव्या हाताने उचलला, तो डुचमळला, तसा उजव्या हातात घेतला.

"मी सुरतला जाणार नाही," तो म्हणाला.

"जायचं नाही म्हणजे?"

"बस झालं. त्या नळकांड्यात पडायचं, तो ठोकाठोकीचा आवाज ऐकायचा, हलायचं नाही. आणि मग बाहेर येऊन तुझं तोंड बघायचं. मशीनपेक्षा त्याचाच त्रास जास्त होतो मला."

मुक्ता एरवी समजूत घालायची. आज तिने घातली नाही. "नको जाऊस," ती म्हणाली. "मीसुद्धा थकलेय रे. दर फोटोच्या आधी झोप नाही, फोटोनंतर झोप नाही. तू आत असतोस तेव्हा मी बाहेर त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून काय काय विचार करते, तुला सांगितलं तर तूच मला सोडून पळशील."

बोलून झाल्यावर तिला वाईट वाटलं. पण शैलेश चिडला नाही. किती तरी महिन्यांनी तो तिच्याकडे नीट बघत होता. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं, ब्लाउज खांद्यावरून उतरत होता.

"जातो," तो शेवटी म्हणाला. "पण तू यायचं नाहीस. यतीनला घेऊन जातो. तू घरी झोपायचं."

"असं कसं? तुला फिट आली तर?"

"यतीन आहे ना. हे कबूल असेल तर जातो, नाहीतर राहिलं."

तिने कबूल केलं. करणार काय!

पुढच्या आठवड्यात धाकटा दीर यतीन सकाळीच आला आणि शैलेशला घेऊन गाडीला गेला. "वहिनी, मी फोन करतो," एवढंच म्हणाला. मुक्ताने भांडी घासली, कपडे वाळत घातले, फोन उशाशी ठेवला आणि नुसती पाठ टेकावी म्हणून पलंगावर पडली. डोळा लागणारच नाही अशी तिची खात्री होती.

जाग आली ती स्वयंपाकघरात डबा पडल्याच्या आवाजाने. उन्हं कलली होती. फोनवर यतीनचे सात मिस्ड कॉल. ती तशीच धावली.

शैलेश ओट्याशी उभा होता. साखर खाली सांडली होती, आणि यतीन केरसुणीने ती गोळा करत होता.

"काय झालं? काय म्हणाले?"

"चहा करत होतो," शैलेश म्हणाला. "हा हात ऐकत नाही."

"शैलेश!"

"रक्त जात नाहीये तिथे. सूज आहे. सुरतच्या डॉक्टरांनी वापीच्यांना फोन लावला, दोघांचं एकच मत पडलं. ऑपरेशन नाही."

मुक्ता तिथेच जमिनीवर बसली. एवढे दिवस ज्या बातमीची वाट पाहिली, ती आली तेव्हा आपण चक्क घोरत पडलो होतो, याची तिला लाज वाटली. "मला उठवलं का नाही?"

"तू उठत होतीस कुठे? यतीनने हाकासुद्धा मारल्या."

तिला हसू आलं, ते धड बाहेर पडलं नाही, त्याचं रडंच झालं. यतीन केरसुणी घेऊन ओटीवर निघून गेला. शैलेश भिंतीला धरून हळूहळू तिच्या शेजारी बसला.

"दोन महिन्यांनी परत फोटो काढायचाय," तो म्हणाला. "ते म्हणाले, आज सूज आहे म्हणजे पुढेही सूजच राहील असं नाही."

"हो."

"तेव्हा येशील?"

"येईन," मुक्ता म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. मग उठून तिने नव्याने आधण ठेवलं. साखर उरली नव्हती, तिघांनी चहा गुळाचा घेतला.