दोनशे अठरा नंबरचा कान

एडका ऑफिसात आला तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि मी आधीच चिडलेली होते. पैठण रोडचं काम निघाल्यापासून मुकुंदवाडीहून चितेगावला पोचेपर्यंत माणूस धुळीनं ओळखू येत नाही, त्यात त्या दिवशी एसी बंद. तेवढ्यात वॉचमन आला आणि म्हणाला, मॅडम, एक म्हातारी टेम्पोत एडका घालून आलीय आणि टॅगवाली बाई कुठंय म्हणून विचारतेय.

टॅगवाली बाई म्हणजे मी, मोनिका. जनावरांच्या कानात ठोकायचे पिवळे टॅग आमच्या कंपनीत तयार होतात. टॅगवर नंबर छापलेला असतो आणि पोटात चिप असते, पण ती चिप कोरी. माझ्या टेबलावर कॉम्प्युटरला जोडलेली ताटलीएवढी पाटी आहे. टॅग पाटीवर ठेवायचा, त्याचा नंबर चिपमध्ये लिहायचा, मग तीच पाटी चिप पुन्हा वाचते आणि जुळलं तर पडद्यावर हिरवी खूण येते. हिरवी खूण आली की टॅग डाव्या हाताच्या ट्रेमध्ये, आणि पुढचा पाटीवर. चार वर्षांत माझा एकही टॅग परत आलेला नव्हता. हे मी लोकांनी न विचारताही सांगायचे.

म्हातारीचं नाव राजाबाई. दौलताबादच्या किल्ल्याखाली त्यांचा वाडगा, म्हणजे जनावरं कोंडायचं आवार, त्यात साठ-सत्तर मेंढरं. एडक्याला त्यांनी दोरी न लावता आत आणलं. अंगावर भंडारा एवढा की फरशी पिवळी झाली. हा देवाला सोडलेला एडका, नाव हळद्या, दर रविवारी त्याच्या कपाळाला आणि कानाला भंडारा लावतात, असं त्यांनी मी विचारायच्या आत सांगितलं. माझी खुर्ची मी मागं सरकवली. हळद्या सरळ पुढं आला आणि माझ्या टेबलावर हनुवटी टेकून उभा राहिला.

राजाबाईंचं गाऱ्हाणं असं. मेंढ्यांच्या एका योजनेत त्यांच्या कळपाला टॅग ठोकले होते. मागच्या महिन्यात सगळ्या जनावरांचं रक्त तपासलं आणि एक जनावर सांसर्गिक गर्भपाताचं निघालं. हा रोग वाईट. मेंढीचा गाभ गळतो, हाताळणाऱ्या माणसाला ताप धरतो आणि गरोदर बाईला तर त्याच्या वाऱ्यालाही उभं करू नये. सापडलेलं जनावर मारून पुरायचं हे योजनेत येतानाच मान्य केलेलं. निरोप आला, दोनशे अठरा नंबर. त्या माझ्याकडे आल्या त्याच सकाळी योजनेचे गोकुळ डॉक्टर हातातलं मशीन घेऊन कळपात फिरले, आणि मशीन वाजलं ते हळद्याच्या कानाला. राजाबाईंनी हट्ट धरला म्हणून डॉक्टर म्हणाले, टॅग ज्यांनी केला त्यांच्याकडून लिहून आणा, तीन वाजेपर्यंत थांबतो.

"आजारी हाय ती चांदी," राजाबाई म्हणाल्या. "दोनदा गाभ टाकला तिनं. म्या डाक्टरला बोट दावून सांगितलं. हातच्या काकणाला आरसा कशाला पायजे? पर त्यानं तिच्याकडं बघितलंबी न्हाई, म्हनतो, मशीन हळद्याला वाजतंय."

मी हसले. आता ते हसू आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हटलं, "आजी, मशीनला तुमचा हळद्या काय आणि चांदी काय, दोघं सारखेच. ते कशाला कुणाची बाजू घेईल?"

मी पाटी उचलून हळद्याच्या कानाजवळ नेली. टॅगवर भंडाऱ्याचा थर बसला होता, छापलेला नंबर दिसतच नव्हता. अंगठ्यानं एकदा पुसलं असतं तर दिसला असता. देवाचा भंडारा कसा पुसायचा, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर वास येत होता आणि मला हात लावायचा नव्हता. पडद्यावर आकडे आले, शेवटचे तीन दोन-एक-आठ, आणि बाजूला हिरवी खूण. मी कॉम्प्युटर राजाबाईंकडे वळवून दाखवला. मग रिपोर्ट छापला, सही केली, शिक्का मारला आणि एक प्रत गोकुळ डॉक्टरांना मोबाइलवर पाठवली.

राजाबाईंनी कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत पाहिला. मग चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत ठेवला.

"तुमी लिव्हलंय म्हंजी तसंच असंल," त्या म्हणाल्या, आणि हळद्याच्या मानेवर हात ठेवून त्याला बाहेर घेऊन गेल्या. मी झाडूवालीला हाक मारून फरशी पुसून घेतली.

दीड वाजता डबा उघडला. माझा डबा स्टीलचा आहे आणि त्याचं मोठं झाकण मी रोज जेवणाआधी आणि जेवणानंतर पाटी आणि ट्रेच्या मध्ये उभं करून ठेवते. पाटीची लहर शेजारच्या टॅगपर्यंत जाते, आणि पाटीवरच्या टॅगमध्ये लिहिताना ट्रेत नुकत्याच ठेवलेल्या टॅगमध्येही तेच लिहिलं जाऊ शकतं. मध्ये पत्रा असला की लहर अडते. हा माझा शोध. आमचे मॅनेजर काकासाहेब पाहुण्यांना माझं झाकण दाखवायचे. एकदा लिहिलेल्या टॅगला कुलूप घालायची सोयही होती, पण मग चुकलेला टॅग वाया जातो म्हणून ती त्यांनी बंद ठेवली होती. मोनिकाचं झाकण आहे ना, म्हणायचे.

झाकण हातात होतं आणि समोर रिपोर्टची माझी प्रत पडली होती. तिच्यावर टॅग तयार केल्याची तारीख होती. तारखेवरून माझी नजर पुढं सरकली आणि पुन्हा मागं आली. श्रावणातला सोमवार.

श्रावणी सोमवारी माझा उपास. आमच्यात उपासाचा डबा वेगळा, कांदा-लसणाच्या डब्यात साबुदाणा सासूबाई घालू देत नाहीत. उपासाचा डबा प्लास्टिकचा आहे. त्याचं झाकणही प्लास्टिकचं.

त्या दिवशी मध्ये पत्रा नव्हता.

घास तोंडात तसाच राहिला. त्या लॉटचे तीनशे टॅग, त्यातले शेवटचे दहा-बारा शिल्लक म्हणून माझ्याच खणात होते. मी पहिला काढला. छापलेला नंबर दोनशे नव्वद. पाटीवर ठेवला. पडद्यावर आलं दोनशे एक्याण्णव, आणि हिरवी खूण. नुसतं वाचताना ती खूण चिपमधला नंबर यादीत आहे एवढंच सांगत होती, टॅगवर काय छापलंय हे तिला कुठं दिसतं? दुसरा ठेवला. छापलेला दोनशे एक्याण्णव, आतला दोनशे ब्याण्णव.  सगळे टॅग काढले, एक-एक ठेवला. शेवटचा सोडून प्रत्येकाच्या पोटात पुढच्याचा नंबर. मी एक टॅग तपासून ट्रेमध्ये ठेवायचे, आणि पुढचा लिहिताना त्याच हातानं आधीचा पुसून टाकायचे. दिवसभर. तीनशे वेळा हिरवी खूण बघत.

आणि याच्यासाठीही नियम होता. लॉट संपला की त्यातले कुठलेही दहा उचलायचे, छापलेला आणि आतला नंबर जुळवायचा आणि तक्त्यावर दहा टिका करायच्या. शितावरून भाताची परीक्षा, काकासाहेब म्हणायचे. त्या सोमवारी मला घरी जाऊन उपास सोडायचा होता. मी शीत चेपलंच नव्हतं. दहा टिका खुर्चीत बसल्या बसल्या केल्या होत्या, त्याही सुंदर अक्षरात.

म्हणजे ज्या कानातलं मशीन दोनशे अठरा म्हणत होतं, त्या कानावर छापलेलं होतं दोनशे सतरा.

  गोकुळ डॉक्टरांना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. राजाबाईंचा नंबर फॉर्मवर होता, तो बंद. काकासाहेबांच्या केबिनमध्ये गेले तर ते म्हणाले, घाई करू नकोस, कुणाला काही लिहून देऊ नकोस, आधी आपण आपली खात्री करून घेऊ. चार वर्षांत त्यांच्याशी मी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी मी म्हटलं, साहेब, आपण खात्रीच विकतो, आणि मी ती न बघता दिलीय. मग पर्स न घेताच खाली उतरले.

स्कूटी कशी चालवली ते विचारू नका. महानुभाव आश्रमाच्या चौकात एका रिक्षावाल्यानं शिव्या दिल्या, पडेगावला पेट्रोलचा काटा लालमध्ये गेला, मिटमिट्याच्या पुढं थांबून पुन्हा फोन लावला, तो वाजत राहिला. घड्याळात पावणेतीन. तीन वाजेपर्यंत थांबतो म्हणाले होते. पंधरा मिनिटं पुरे होती. मी देवाला काय काय कबूल केलं ते देवालाच माहीत.

वाडग्याजवळ पोचले तेव्हा गोकुळ डॉक्टर साबणानं हात धूत होते.

त्यांच्यामागं बाभळीखाली ताडपत्री अंथरली होती आणि राजाबाईंचा मुलगा मुंजाबा शेजारच्या खड्ड्यातली माती उपसत होता. डॉक्टर मला ओळखत नव्हते. मी नाव सांगितलं तेव्हा म्हणाले, बरं झालं रिपोर्ट लगेच पाठवलात, म्हातारी इथं येईपर्यंत सगळं तयार ठेवता आलं, उगीच तीनपर्यंत त्या मुक्या जनावराला कशाला ताटकळत ठेवायचं.

मी ताडपत्रीपाशी गेले. हळद्या आडवा पडला होता. मी गुडघ्यावर बसले आणि त्याचा कान हातात घेतला. कान अजून गरम होता. अंगठ्यानं टॅगवरचा भंडारा पुसला. एकदाच पुसावा लागला. दोनशे सतरा.

डॉक्टर माझ्या खांद्यावरून बघत होते. पाण्याचा तांब्या त्यांच्या हातातून खाली पडला. रक्ताच्या नळीवर त्यांनी कान बघून, टॅगवर छापलेला नंबर स्वतःच्या हातानं लिहिला होता. जनावर मात्र मशीननं शोधलं होतं. दोन्ही एकच असणार, हे मी त्यांना लिहून दिलं होतं.

"मग दोनशे अठरा कोण?" त्यांनी विचारलं, पण त्यांनाही उत्तर माहीत होतं. आम्ही दोघांनी एकाच वेळी मान वळवली.

झोपडीच्या सावलीत राजाबाईंची सून बसली होती, करुणा. सातवा महिना असावा. एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन ती तिच्या कानामागचे गोचीड काढत होती. त्या कानात पिवळा टॅग होता, स्वच्छ, लांबून वाचता येईल असा. मी तिथूनच वाचला, दोनशे अठरा.  राजाबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं, आणि त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही.

"करुणा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ऊठ तिथून. तिला हात लावू नको."

करुणा उठली. काय झालं ते तिला कळलं नव्हतं, पण सासूच्या आवाजावरून तिचा हात आपोआप पोटाकडं जायला लागला. डॉक्टर ओरडले, आधी हात धुवा. मग त्यांनी गाडीतून पेटी आणली, घाटीच्या सरकारी दवाखान्यात कुणाला तरी फोन लावला, तिला आत्ताच्या आत्ता तपासायला घेऊन जातो म्हणाले. मुंजाबा खोरं टाकून बायकोच्या मागं गाडीत बसला. आजार मेंढीचा, आपली बाई दवाखान्यात कशाला, असं तो विचारत होता तोवर डॉक्टरांनी गाडी सुरू केली. गाडी गेली.

उरलो आम्ही दोघी. मी राजाबाईंना सगळं सांगितलं. झाकण, उपासाचा डबा, दहा टिका, काही म्हणजे काही लपवलं नाही. मला वाटत होतं त्यांनी मारावं, निदान शिव्या तरी घालाव्यात. त्यांनी कमरेच्या पिशवीतून माझा रिपोर्ट काढला, चार घड्या उलगडल्या आणि माझ्या हातात दिला.

"ह्याच्यात काय लिव्हलंय त्ये वाच."

मी वाचलं. टॅग तपासला. बरोबर आढळला. खाली माझी सही.

"तूच लिव्हलं ना?"

"हो, आजी."

 त्यांनी मला मनगटाला धरून चांदीपासून चार हातांवर नेऊन उभं केलं. हिचं तोंड बघ, म्हणाल्या, नीट बघ. मी बघितलं. लांब चेहरा, डाव्या डोळ्याखाली नखाएवढा काळा डाग, खालचा ओठ एका बाजूला ओघळलेला, कानाचं टोक कधीतरी फाटलेलं. चार वर्षं टॅग करत होते मी, पण मेंढीचं तोंड असं उभं राहून कधी बघितलं नव्हतं. चांदीही माझ्याकडं बघत होती, तिला करुणा का उठून गेली ते समजत नव्हतं.

"बघितलं?" राजाबाईंनी विचारलं.

मी मान हलवली.

"आता हळद्याचं तोंड कसं व्हतं त्ये सांग."

बाभळीखाली मुंजाबानं जाता जाता ताडपत्री हळद्यावर ओढली होती, खाली काही दिसत नव्हतं. मी तोंड उघडलं. हळद्या अर्धा तास माझ्या टेबलावर हनुवटी टेकून उभा होता, माझ्यापासून वीतभर अंतरावर. त्याची शिंगं कशी होती, डोळे कसे होते, काहीच आठवेना. राजाबाई उत्तराची वाट बघत होत्या आणि मला फक्त दोनशे अठरा आठवत होतं.