अर्जातला चौथा परिच्छेद

क्रांती वकीलबाईंचं ऑफिस कोल्हापूरच्या राजारामपुरीत, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर होतं. संयोगिता पोचली तेव्हा ऋतुराज आधीच येऊन बसला होता. मलकापूरहून सकाळच्या एसटीनं आला असणार. नवराबायको दीड वर्षानं एका खोलीत बसत होती. त्यानं खुर्ची जरा सरकवून तिला जागा करून दिली, एवढंच.

त्यांच्यात भांडण असं कधी झालंच नव्हतं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मुलगी झाली, सातव्याच महिन्यात. अकरा दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि बारशाच्या आदल्या दिवशी गेली. त्यानंतर ऋतुराज दिवसभर आपल्या औषधाच्या दुकानात बसून राहायला लागला. घरी आला तरी बोलायचा नाही. संयोगिता समोर आली की मान खाली घालायचा. काही महिन्यांनी ती कोल्हापूरला आईकडे आली, आणि ना ती परत गेली, ना तो न्यायला आला.

वकीलबाईंनी सगळं नीट समजावलं. "दोघांची संमती आहे, वर्षाहून जास्त वेगळे राहताय, त्यामुळं घटस्फोटासाठी दोघांचा एकच अर्ज करता येतो. कोणी कोणावर आरोप करायचे नाहीत. अर्ज दाखल झाला की सहा महिने थांबायचं. मधे समुपदेशकांकडे बोलावतील. मग पुन्हा कोर्टापुढं उभं राहून सांगायचं, की आमचं मत तेच आहे. तोवर कुणालाही माघार घेता येते. घाई असेल तर मुदत माफ करा म्हणून अर्ज देता येतो."

"घाई न्हाय," ऋतुराज म्हणाला.

बाई मसुदा वाचू लागल्या. लग्नाची तारीख, पत्ते, वेगळे राहू लागल्याचा दिवस. चौथ्या परिच्छेदात होतं, 'सदर विवाहसंबंधातून उभयतांस अपत्य नाही.'

"हे चुकीचं आहे," संयोगिता म्हणाली.

"मुलांचा ताबा कुणाकडं, ते ठरवायचं असतं ना, त्यासाठी ते वाक्य असतं. म्हणून टायपिस्टनं तसं..."

"अकरा दिवस होती ती. यावर मी सही करणार नाही."

वकीलबाईंनी चष्मा काढून ठेवला. "बरोबर आहे तुमचं. 'एक कन्या, मयत' असं घालू. तिचं नाव काय?"

"नाव ठेवलं नव्हतं."

"अवंतिका," ऋतुराज म्हणाला.

संयोगिता त्याच्याकडे बघतच राहिली. तो टेबलाकडे बघून बोलत होता. "तिच्या जन्माची नोंद करायला गेलतो. तिथल्या कारकुनानं नाव विचारलं. न्हाय म्हटलं तर म्हणाला, नुसतं बेबी लिहितो. मला ते बरं वाटंना. मग सांगितलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू तवा उठून बसतसुद्धा न्हवतीस. म्हटलं, चार दिवसांनी सांगू. मग जमलंच न्हाय."

ती इतके दिवस मनातल्या मनात नुसतं 'बाळ' म्हणत होती. आणि हा माणूस मलकापुरात एकटाच नाव घेऊन बसला होता. तिला राग आला, पण रागावायलाही अंगात बळ नव्हतं. बाईंनी पान बदलून आणलं. तिनं ते नाव तीनदा वाचलं, मग सही केली.

अर्ज दाखल झाल्यावर दोन महिन्यांनी तिनं त्याला फोन केला. पेटीशेजारी तो उभा असायचा तेव्हा काय बघायचा, असं तिनं विचारलं. तो तिची इवलीशी नखं कशी होती ते सांगत गेला आणि मधेच रडायला लागला. तीही रडली. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं एकमेकांशी इतकी मोकळी झाली होती. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा फोन हातात घेतला. पण बोलायला दुसरं काही सापडेना. बाळाखेरीज त्यांच्यात आता काहीच उरलं नव्हतं, आणि त्यावर रोजचा संसार होणार नाही, हे तिला कळलं. समुपदेशक बाईंनी विचारलं, तेव्हा तिनं हेच सांगितलं. ऋतुराजनं नुसती मान हलवली.

सहा महिन्यांनी कसबा बावड्याच्या कोर्टात त्यांचा पुकारा झाला. न्यायाधीशांनी विचारलं, "एकत्र राहण्याची काही शक्यता?"

"नाही, साहेब," संयोगिता म्हणाली.

ऋतुराजनं मान खाली घातली. "न्हाय," तो शेवटी म्हणाला.

दहा मिनिटांत सगळं आटोपलं. हुकमाची नक्कल मागाहून मिळेल, असं सांगून वकीलबाई पुढच्या कामाला गेल्या. बाहेर रिक्षा मिळेना, म्हणून संयोगितानं त्याला आपल्या स्कूटीवरून स्टँडवर सोडलं. तो मागे अंग चोरून बसला होता.

"सावकाश जा," तो उतरताना म्हणाला.

तिनं स्कूटी लावली आणि त्याच्यामागून फलाटावर आली. मलकापूरची गाडी लागलेलीच होती. तो चढला, खिडकीशी बसला. त्यानं हात वर केला नाही, तिनंही नाही. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर ती फलाटावरच्या बाकावर बसली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कोण गेलं, बाई?"

संयोगितानं गाडी गेली त्या वळणाकडे बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हातारीनं सरकून तिच्या पाठीवर हात ठेवला.