वाळूत पुरलेला ओळंबा

ठकीला पाच वर्षं पूर्ण झाली तरी स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, आणि ही बातमी साऱ्या गोतावळ्यात पोचावी म्हणून तिच्या मावशीच्या नवऱ्यानं जिवाचं रान केलं.

निमित्त त्याच्याच मुलाच्या वाढदिवसाचं. केक कापून झाल्यावर हा गृहस्थ, एका कचेरीतला कारकून, मुलाला खुर्चीवर उभा करून म्हणाला, "म्हण रे शंभरपर्यंत." पोरानं डोळे मिटून एका दमात म्हटलं. टाळ्या पडल्या. मग कारकुनानं ठकीच्या हातात पेन दिलं. "आता ठकीबाई, तुमचं नाव लिहा बरं या पाकिटावर."

ठकीनं एक गोल काढला, गोलाला चार पाय काढले आणि सांगितलं, "हा बेडूक आहे. त्याला भूक लागलीय."

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं कारकून हसला. "काय साडूभाऊ, लेक तुमच्यावरच गेली की! तुमची सहीसुद्धा अशीच असते, बेडूक उडी मारायला बसल्यासारखी!"

साडूभाऊ म्हणजे ठकीचा बाप. सेंटरिंगचा मिस्त्री. स्लॅब ओतण्याआधी खालून फळ्या आणि टेकू लावणं हे त्याचं काम. आजवर त्याच्या हातचा एकही स्लॅब वाकला नव्हता, पण त्या संध्याकाळी तो स्वतः वाकला. हातातली केकची बशी त्यानं तशीच खाली ठेवली आणि मनात म्हणाला, थांब लेका! वर्षाच्या शेवटी ठकी सगळ्यांसमोर घडाघडा लिहून दाखवेल, तेव्हा तुझं तोंड बघायला मी पुढच्या रांगेत बसेन.

अपमान गिळता येत नाही अशी माणसं असतात. मिस्त्रीला तर जुना एक अपमान गिळायचा राहिलेलाच होता. पहिलीत असताना त्यानं आपलं नाव उलटं लिहिलं, म्हणून मास्तरांनी ती पाटी दोरीनं त्याच्या गळ्यात अडकवून त्याला आठवडाभर दारात उभं केलं होतं. येणारा जाणारा वाचायचा आणि हसायचा. चौथीत शाळा सुटली, मास्तर केव्हाच मातीत गेले, पण मिस्त्रीच्या गळ्यातली पाटी काही उतरली नव्हती. सूड घ्यायचा तरी कोणावर? मेलेल्या माणसाची गचांडी धरता येत नाही.

मग त्याला जिवंत माणूस सापडलं. ठकीच्या बालवाडीच्या बाई!

या बाईंना पालकांनी नाव ठेवलं होतं वाळूबाई. पन्नाशीच्या, गुडघ्यानं अधू, आवाजानं खणखणीत. वर्गाबाहेर एक मोठा वाळूचा चौकोन, आणि मुलं अर्धा दिवस त्यात. उरलेला अर्धा दिवस पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओत, दोरीवर रुमाल वाळत घाल, त्याला चिमटे लाव, बटणं काढ, बटणं लाव. वही? नाही. गृहपाठ? नाही. मिस्त्री एकदा तावातावानं विचारायला गेला होता.

"बाई, सहा महिन्यांत काय शिकवलंत माझ्या मुलीला?"

"चिमटा लावायला."

"आम्ही तिला धोबीण करायला पाठवत नाही इथं!"

"मिस्त्री, चिमटा दाबतात ती बोटं उद्या पेन्सिल धरतात," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही थापी धरायच्या आधी किती वर्षं घमेली उचललीत?"

मिस्त्रीला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर न सुचलेल्या माणसासारखा खुनशी माणूस दुसरा नाही. त्यानं कारकुनालाच गाठलं. शत्रूचा शत्रू मित्र म्हणतात. इथं तर शत्रूच मित्र झाला! कारकुनाचा मुलगाही त्याच वर्गात होता. त्यानं सुबक अक्षरात अर्ज लिहून दिला: "सदर बाई मुलांना काहीही शिकवीत नसल्याने त्यांना तात्काळ कामावरून कमी करावे." मिस्त्री रोज काम सुटल्यावर दारोदार फिरला आणि एकेचाळीस सह्या गोळा केल्या. पहिली सही त्याचीच होती, बेडकासारखी. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या चिटणीसांनी शनिवारी पालकसभा बोलावली. बाईंची पंचवीस वर्षांची नोकरी त्या एका कागदावर आली होती.

इकडे घरात दुसरी शाळा भरू लागली. ठकीची आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दुपारपाळीला असायची. ती घरी नसताना, संध्याकाळी कामावरून आला की मिस्त्री पाटी काढायचा. "लिही." ठकी लिहायची. "वाकडं! पुस. परत!" महिनाभरात ठकी पाच वर्षांनी म्हातारी झाली. गाणी बंद. जेवताना ताटाकडे बघून बसायची. केव्हाच थांबलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं. "हट्टी आहे," मिस्त्री म्हणायचा. "मोडून काढतो."

आईबापहो, जरा या वाक्याशी थांबा. आपण सगळे हे वाक्य बोललेलो आहोत. मोडून काढतो! काय मोडतो आपण? आणि मोडलेलं जोडायला कोणाला बोलावतो?

बुधवारी ठकीनं नाव उलटं लिहिलं. आरशात दिसावं तसं अगदी नीट, पण उलटं. मिस्त्रीच्या डोक्यात काहीतरी तडकलं. त्याचा ओळंबा तिथंच पिशवीत होता. उस्तादांनी दिलेला, पितळी, लिंबाएवढा. भिंत आणि खांब सरळ आहेत की नाही हे तो दोरीला टांगून बघतात. मिस्त्रीनं ओळंब्याची दोरी सोडली, पाटीच्या भोकातून ओवली आणि पाटी पोरीच्या गळ्यात बांधली. "उभी राहा दारात! येणाऱ्या जाणाऱ्याला कळू दे!"

ठकी रडली नाही. ती दारात उभी राहिली आणि जमिनीवर पडलेल्या पितळी गोळ्याकडे एकटक बघत राहिली.

कामावरून परतलेल्या आईनं ते दारातच पाहिलं. तिनं चपलासुद्धा काढल्या नाहीत. गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या मास्तरांनी तुम्हाला हेच केलं होतं ना हो?"

"म्हणूनच तर!" मिस्त्री ओरडला. "तिच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून!"

"आणि आणली कोणी?"

तो घराबाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कामावर पिशवी उघडली तर ओळंबा गायब! मिस्त्री खवळला. काल आपणच तो घरी पिशवीतून काढला होता हे विसरून मजुरांच्या पिशव्या उलट्या केल्या, चार जणांचा उद्धार केला. त्यातच इमारतीचा मालक आला आणि पहिल्या मजल्याच्या स्लॅबखालचे टेकू काढा म्हणू लागला.

"मालक, आज नववा दिवस आहे. एकवीस दिवसांच्या आत टेकूला हात लावायचा नाही."

"अरे, वरून दगडासारखा कडक झालाय की!"

"वरून कडक व्हायला एक रात्र पुरते. आतून पिकायला दिवस लागतात. रोज पाणी पाजा आणि गप्प बसा. घाई कराल तर हाच स्लॅब तुमच्या घरावर सूड उगवेल!"

मालक गप्प परत गेला. मिस्त्रीला स्वतःच्या शब्दांचं काही वाटलं नाही. माणसाला आपला धंदा कळतो आणि आपलं घर कळत नाही, अशी ही गत!

शनिवार आला. सभेला अर्धा तास होता. मिस्त्री अर्ज खिशात घालून, इस्त्रीचा शर्ट घालून, बाईंचा पडलेला चेहरा बघायला लवकरच हजर झाला. वाळूबाई व्हरांड्यात मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या होत्या.

"बरं झालं आलात. तुमचा ओळंबा हरवलाय ना?"

मिस्त्री चमकला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तो इथं आहे. वाळूत." त्यांनी चौकोनाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. वाळूचा लहानसा उंचवटा होता, त्यावर सपाट दगड, दगडाभोवती चिमट्यांचं कुंपण. "गुरुवारी ठकी डब्याच्या पिशवीतून घेऊन आली. पुरला. मी विचारलं, काय आहे गं? म्हणाली, त्याचं नाव बाबा."

मिस्त्री वाळूच्या चौकोनाच्या कडेपर्यंत गेला.

"म्हणाली, बाबा चुकला म्हणून त्याला शिक्षा केलीय. गळ्यात पाटी घातलीय, तो दगड म्हणजे पाटी. तो नाव लिहीपर्यंत त्याला बाहेर काढायचं नाही. दोन दिवस पहारा देतेय. वर्गातल्या कोणाला जवळ जाऊ देत नाही. आणि कारकुनांचा मुलगा आहे ना, शंभर म्हणणारा, तो तिच्याबरोबर बसून असतो. त्यानं विचारलं, माझ्या बाबालापण पुरायचं का?"

मिस्त्री बाईंशेजारी त्या बुटक्या बाकावर बसला. गुडघे हनुवटीला लागले.

"काढला का नाही तुम्ही?" त्यानं विचारलं.

"तिनं परवानगी दिली नाही." बाईंचा आवाज आता शांत राहिला नव्हता. "मिस्त्री, तुमच्या अर्जाचं मला ठाऊक आहे. मला सूड घ्यायचा असता तर आत सभेत, एकेचाळीस जणांसमोर, हे सांगितलं असतं. इच्छा झाली नाही असं समजू नका! दोन दिवस तीच इच्छा घेऊन झोपलेय मी. पण मग त्या पोरीच्या बापाला दारात उभं केल्यासारखं झालं असतं, आणि तेवढं करायला तुम्ही आणि तुमचे मास्तर पुरेसे आहात. ठकीच्या आईनं सांगितलंय मला."

"मग तुम्ही लिहायला शिकवत का नाही, बाई?" हा प्रश्न मिस्त्रीनं पहिल्यांदाच भांडणासाठी नव्हे, तर उत्तरासाठी विचारला.

"शिकवतेय की. जून महिन्यात ठकी आईचा पदर सोडत नव्हती. आता नवीन मूल रडलं तर ती त्याला वाळूत जागा करून देते. आधी सगळं हिसकावून घ्यायची, आता पाळी येईपर्यंत थांबते, एका पायावर उड्या मारत का होईना! गोष्ट ऐकते आणि शेवट बदलून सांगते. पाच खडे मागा, पाचच देते, कारण पाच म्हणजे किती ते तिच्या हाताला कळलंय. आणि नाव? नाव ती रोज वाळूत लिहिते. उलटं लिहिलं तरी घाबरत नाही, हातानं सारखं करते आणि परत लिहिते. या वयात कितीतरी मुलं उलटी अक्षरं काढतात, हो. पाटीवरचं चुकलेलं तुम्ही गळ्यात बांधता. वाळू तेवढी दुष्ट नाही."

आत घंटा झाली. मिस्त्रीच्या डोक्यात मात्र त्याचेच शब्द घणासारखे पडत होते. वरून कडक व्हायला एक रात्र पुरते. नवव्या दिवशी आपण पोरीचे टेकू काढले. आपण! एकवीस दिवसांचा मिस्त्री!

सभा भरली. चिटणीसांनी चष्मा लावला. "अर्जदार कोण?"

मिस्त्री उठला. कारकुनानं त्याला कोपरानं ढोसलं. "वाचा, वाचा. जोरात."

मिस्त्रीनं वाचला. अडखळत, पण पूर्ण. मग म्हणाला, "साहेब, या अर्जात एक चूक आहे. 'सदर बाई' लिहिलंय तिथं माझं नाव घाला. काहीही न शिकवणारा आणि शिकलेलं मोडणारा माणूस मी आहे. मी पोरीच्या गळ्यात पाटी बांधली."

चिटणीसांनी चष्मा काढला.

"अहो साडूभाऊ, डोकं फिरलं का?" कारकून कुजबुजला. "सह्या तुम्हीच घेतल्यात!"

"मीच घेतल्या, मीच परत करतो. इतके दिवस तुमच्यावर सूड उगवायचा म्हणून जळत होतो. आता उगवतो, ऐका. घरी जाऊन मुलासमोर पाच खडे ठेवा आणि तीन दे म्हणा, बघा जमतंय का. आणि तो कोणाला वाळूत पुरायला निघालाय तेही विचारा!"

कारकुनाचं तोंड बघायला मिस्त्री पुढच्या रांगेत होता खरा. पण बघायची गोडीच गेली होती. एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझी सही खोडा." मग दुसरे उठले. अर्ज तिथंच संपला.

बाहेर ठकी आईचा हात धरून वाळूशेजारी उभी होती. बाप येताना दिसताच ती उंचवट्याच्या पुढे आडवी झाली.

"नाही काढायचा! त्यानं नाव लिहिलं नाही अजून."

मिस्त्री इस्त्रीच्या शर्टासकट वाळूत गुडघ्यांवर बसला. बोटानं आपलं नाव लिहू लागला. एक अक्षर उलटंच पडलं, चाळीस वर्षांपूर्वी पडलं होतं तसंच. तो थांबला. कोणी हसलं नाही.

ठकीनं वाकून नीट पाहिलं. "हे उलटं आहे."

"हो."

"चालेल," ती म्हणाली. "हातानं सारखं कर आणि परत काढ." मग तिनं एकेक चिमटा उपटला, दगड उचलला आणि वाळूनं माखलेला पितळी गोळा बापाच्या तळहातावर ठेवला. "आता परत चुकू नकोस हं, बाबा."

आईबापहो, बालवाडीच्या वर्षाकडून मागायचंच असेल तर एवढंच मागा, की आपलं मूल घराबाहेरच्या जगात न घाबरता उभं राहील, दुसऱ्याला जागा देईल आणि चुकलेलं पुसून परत काढेल. अक्षरं कुठं पळून जात नाहीत. ती पिकल्या हातात आपोआप येतात. आणि सूड घ्यायची फारच खुमखुमी असेल, तर तुमच्या गळ्यात जिनं पाटी बांधली त्या रीतीवर घ्या. ती दोरी तुमच्यापाशीच तोडा. पोराच्या गळ्याचं माप घेऊ नका!